भटक्या ताऱ्यांची नावं

आज आपण एका शब्दाच्या मागे मागे थोडं लांब जाणार आहोत. शब्द आपल्या घरातलाच आहे: ग्रह. पूर्व युरोपातले लोक ग्रहाला काय म्हणतात, ते आज ऐकू या. रशियन, पोलिश, चेक, स्लोव्हेनियन, बल्गेरियन या तिकडच्या भाषा एकमेकींच्या बहिणी. त्यांना स्लाव्ह भाषा म्हणतात.

सुरुवात मात्र ग्रीसमध्ये होते. आकाशातले तारे आपापली जागा धरून असतात. सप्तर्षींची खाट आज दिसते तशीच उद्याही दिसते. पण बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ठिपके ताऱ्यांमधून हळूहळू सरकत राहतात. जुन्या ग्रीक लोकांनी त्यांना नाव दिलं ‘भटके’. त्या ग्रीक शब्दाचा पुढे ‘प्लानेता’ झाला. आज रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन बाया ग्रहाला ‘प्लानेता’च म्हणतात.

काहींनी घरचेही शब्द घडवले. चेक भाषेत ‘ओब्येझ्नित्से’, म्हणजे फेरी घालणारी. स्लोव्हेनियनमध्ये ‘प्रेमिच्नित्सा’, म्हणजे जागा बदलणारी. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, बरं का! शेजारच्या हंगेरीची भाषा स्लाव्ह नाही, तरी तिथला ‘बोय्‌गो’ म्हणजे भटकणाराच. तुर्की भाषेतला ‘गेझेगेन’ म्हणजे फिरणारा. त्याआधी तुर्कीत ‘सेय्यारे’ हा अरबी शब्द होता. ज्या अरबी मुळातून तो आला, त्यातूनच आपल्याकडे ‘सैर’ हा शब्द आला. म्हणजे तिथेही ग्रह सैर करायलाच निघालेला.

पण माणूस कुठलाही असो, आभाळातल्या ठिपक्यात तो आपलं नशीब शोधतो. रशियन खेड्यांत ‘प्लानेता’चाच ‘प्लानिदा’ झाला, आणि त्याचा अर्थ झाला नशीब. कुणावर संकट आलं की ‘माझी प्लानिदाच अशी’ म्हणायचं. पोलंडमध्ये पूर्वी हाताने फिरवायची वाजंत्री पेटी घेऊन लोक रस्त्यावर येत. त्यांचा पोपट चोचीने भविष्याची छापील चिठ्ठी काढून देई. त्या चिठ्ठीलाही ‘प्लानेता’च म्हणत. आपल्याकडचा पोपटवाला आठवला ना?

त्याच पोलंडमध्ये कोपर्निकस नावाचा विद्वान होऊन गेला. 1543 साली त्याचं पुस्तक छापलं गेलं. पृथ्वीसुद्धा सूर्याभोवती फिरते, असं त्याने त्यात मांडलं. म्हणजे आपण जिच्यावर चूल मांडतो, ती पृथ्वीही भटक्यांपैकीच एक निघाली.

आता आपल्या शब्दाकडे या. ‘ग्रह’ म्हणजे धरणारा, पकडणारा. ‘ग्रहण’ हा शब्दही त्यातलाच. त्यांनी आकाशात चालणारा पाहिला, आपण पकडणारा पाहिला. मग मंगळ कुंडलीत अमुक घरात आहे म्हणून मुलीला ‘मंगळी’ म्हणायचं आणि तिचं जमलेलं लग्न मोडायचं. वाडीवस्तीवर अशी एखादी मुलगी आपल्या ओळखीची असतेच. शिकलेली, कामाला वाघीण, आणि दर वेळी पत्रिकेपाशी गाडी अडते.

मंगळ काय करतो, तेही पाहा. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला 687 दिवस लागतात. मधूनच तो उलटा चालल्यासारखा दिसतो. ‘मंगळ वक्री झाला’ म्हणतात ते हेच. पण तो मागे वळत नाही. आपली एसटी शेजारच्या हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढे गेली, की ट्रॅक्टर मागे गेल्यासारखा वाटतो, तसं. पृथ्वीचा वेग जास्त, ती मंगळाला मागे टाकते. या सगळ्यात कुणाच्या मुलीचं नाव मंगळाला ठाऊक असायचं कारण नाही.

आपल्या भाषेत ‘ग्रह’ शब्दाला आणखी एक अर्थ आहे: मनात बसलेली समजूत. ‘तिच्याबद्दल माझा वाईट ग्रह झाला’ असं आपण म्हणतो. मुलीच्या वाटेत आडवा येतो तो हा ग्रह. त्याची शांत करायला ना नारळ लागतो, ना दक्षिणा. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, की पाच मिनिटं यावर बोला. आणि घरी एखादं स्थळ आलं, तर पत्रिकेआधी मुलाचं व्यसन, त्याचं काम आणि मुलीची मर्जी विचारा.

येते मी. नमस्कार.