एका इंजेक्शनचा कचरा



दवाखान्यात इंजेक्शन घेऊन आपण दोन मिनिटांत बाहेर पडतो. मागे राहिलेल्या कचऱ्याला मात्र पाच वाटांनी जायचं असतं. सिरिंजचं वेष्टन साध्या सुक्या कचऱ्यात. सुई कटरने तोडून पांढऱ्या, टणक डब्यात. सिरिंजची नळी लाल पिशवीत, रक्त पुसलेला बोळा पिवळ्या पिशवीत, औषधाची काचेची कुपी निळ्या खोक्यात. पिंपरीचं वायसीएम असो की चाकणमधलं दहा खाटांचं रुग्णालय, जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी सगळ्यांना हीच वाटणी घालून दिली आहे. ती सिस्टरच्या हाताशी, त्याच क्षणी व्हायला हवी. मागाहून कुणी निवडायला बसलं, की सुई हातात घुसलीच म्हणून समजा.

लहान रुग्णालयांचे डॉक्टर म्हणतात, हे परवडत नाही. माझ्या मते, परवडत नाही ती सरमिसळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रुग्णालयातला सुमारे 85 टक्के कचरा साधाच असतो: पुठ्ठे, कागद, उरलंसुरलं जेवण. त्यात एक रक्ताळलेला बोळा पडला की सगळी पिशवी पिवळी, म्हणजे भट्टीत जाळायची, झाली. वजनावर पैसे मोजत असाल, तर उष्ट्या भातालाही भट्टीचा दर पडतो. स्वतःची भट्टी घेण्याचा तर विचारच नको. 75 किलोमीटरच्या आत अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारं सामायिक केंद्र असेल, तर नियमच ती उभारू देत नाही. केंद्राची गाडी येते. बारकोड लावलेली पिशवी 48 तासांच्या आत तिच्यात गेली पाहिजे, एवढं सांभाळा.

लाल पिशवीतलं प्लॅस्टिक वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येतं. तेच पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेलं, तर पीव्हीसीच्या नळ्यांमधून डायॉक्सिनसारखी विषं हवेत जाऊ शकतात. आणि सिरिंज निकामी न करता कधीच सोडू नका. गुजरातमध्ये मोडासा इथे 2009 साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे जीव गेले.

चाकण, भोसरीच्या कारखान्यांनाही माझं सांगणं आहे. 500 हून जास्त कामगार असले की ॲम्ब्युलन्स रूम कायद्यानेच ठेवावी लागते. प्रेसवर कुणाचं बोट कापतं, ड्रेसिंग होतं, आणि ती रक्ताची पट्टी तेलकट कॉटन वेस्टच्या पिंपात जाते. सेफ्टी ऑफिसरांनी तिथे पिवळी पिशवी आणि सुयांचा डबा ठेवावा, सामायिक केंद्राशी करार करावा.

आता घरचं. इन्सुलिनच्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. फिनेलची जाड रिकामी बाटली घ्या, तीत सुया टाका, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरात ‘सुया’ लिहा आणि घंटागाडीवरच्या ताईंना सांगून वेगळी द्या. पातळ पिशवीतली सुई पहिल्यांदा त्यांनाच टोचते.

आणि ताईंनो, दादांनो, टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि तडक सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या लागणार असतील, तर पहिल्या 2 तासांत सुरू झालेल्या उत्तम. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. धनुर्वाताच्या आणि हिपॅटायटिस बीच्या लशीचंही तिथेच विचारा. कामाची पाळी संपायची वाट पाहू नका; मुकादमांनीही तुम्हाला लगेच सोडावं.