आखाजी सुरतेतही साजरी व्हावी



बाप्पाच्या मंडपात मी आखाजीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. पण लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणारे आपण बरेचसे धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे. आपल्या खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया.

त्या दिवशी मातीची घागर भरून तिच्यावर खरबूज, म्हणजे आपले डांगर, आणि सांजोरी ठेवतात. पितरांच्या नावाने आगारी टाकतात. जेवणात पुरणपोळी आणि आमरस असतो. सासरची लेक माहेरी येते, निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणते. नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून दोन गावांच्या मुली एकमेकींना गमतीच्या शिव्या देतात. सालदाराचे वर्षही आखाजीलाच पुरे होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनीही या सणावर कविता केली आहे.

आपले गुजराती शेजारी याच दिवसाला अखात्रीज म्हणतात. आपल्या मुलांना मात्र हा दिवस सोन्याच्या जाहिरातीतून कळतो. याचे कारण असे की, आखाजी ही गावाकडची, असे आपणच ठरवून टाकले. रजा मिळाली तर ताप्ती लाइनच्या गाडीत बसायचे, नाही मिळाली तर त्या वर्षी सण नाही. गावी आजी-आजोबा आहेत तोवर हे चालेल, पुढे काय? शिवाय आता आपल्या कितीतरी लेकी खानदेशात दिलेल्या आहेत. त्यांचे माहेर सुरत आहे. नवापूर ओलांडून त्या इकडे येतात. माहेर इथे, तर झोकाही इथेच हवा ना?

परदेशातले एक उदाहरण सांगतो. आयर्लंडचे लोक १७ मार्चला संत पॅट्रिक यांचा दिवस पाळतात. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या आयरिश लोकांनी १७६२ साली या दिवसाची मिरवणूक काढली, ती प्रथा तिथे आजही चालू आहे. अमेरिका तेव्हा स्वतंत्र देशही झाली नव्हती. गाव समुद्रापलीकडे राहिले, म्हणून त्यांनी सण सोडला नाही. जिथे होते तिथेच तो केला. आपले गाव तर एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

माझी मंडळाला विनंती आहे. येत्या वैशाखात एक संध्याकाळ आखाजीसाठी राखून ठेवा. घागर ज्याने त्याने घरी भरावी. झोका मात्र सर्वांचा असावा. आपल्या वयस्क आया-मावश्यांना सन्मानाने बोलावून अहिराणी गाणी म्हणायला लावा आणि मुलांनी ती मोबाइलवर उतरवून घ्यावीत. यातली कितीतरी गाणी कोणत्याही वहीत सापडणार नाहीत, ती त्यांच्या फक्त तोंडी आहेत. खर्च फारसा नाही, पण उशीर परवडणार नाही.

एवढे बोलून मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!