धाराऊचे बाळ
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी संभाजीराजांच्या बालपणाचा भाग शिकवीत होते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर राजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ढासळलेली. बाळाला अंगावरचे दूध पुरेना. म्हणून कापूरहोळ गावची धाराऊ ही दूधआई म्हणून गडावर आणली गेली, असे परंपरा सांगते. अवघ्या दोन वर्षांनी, १६५९ मध्ये, सईबाई वारल्या. हे सारे मी सांगून संपवले, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘बाई, धाराऊला दूध येत होतं म्हणजे तिचंही बाळ असणारच ना? मग त्याला कोण पाजत होतं?’’

वर्गातील काही मुले खुदकन हसली. ‘दूध पाजणे’ हा शब्द वर्गात उच्चारला गेला की मुले हसतात आणि शिक्षक फळ्याकडे वळतात, असा आपल्याकडचा रिवाजच आहे. मीही खडू उचललाच होता. पण प्रश्न विसरता आला नाही. वीस वर्षे मी हा भाग शिकवीत आले, आणि धाराऊचे बाळ एकदाही माझ्या मनात आले नव्हते. आजचे भाषण त्या मुलीच्या प्रश्नामुळे उभे राहिले आहे. विषय स्त्रियांच्या शरीरधर्माचा असल्यामुळे काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतील. घरातील वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल राग मानू नये.

दूधआईचा पेशा फार पुराणा आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी कायदे दगडावर कोरवले. त्यांतील एक कलम या बायकांसाठी आहे. सांभाळायला दिलेले मूल दाईच्या हाती दगावले, आणि तिने त्याच्या आईबापांना न कळवता दुसरे मूल अंगावर घेतल्याचे सिद्ध झाले, तर तिचा स्तन कापावा, असे ते कलम सांगते. रोमन अमलातील इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले दाईचे करारनामे सापडले आहेत. पगार महिन्याचा, सोबत तेल. आणि अटी अशा, की तिने पुरुषसंग करू नये, गरोदर राहू नये, दुसऱ्या मुलाला पाजू नये. आता हे ‘दुसरे मूल’ परक्याचेच असेल असे नाही. तिचे स्वतःचे मूलही या अटीत सापडू शकत होते.

आपल्या चरकसंहितेतही धात्री कशी निवडावी याचे सविस्तर वर्णन आहे. ती तरुण असावी, निरोगी असावी, शांत स्वभावाची असावी, तिला भरपूर दूध असावे. तिचे दूध पाण्यात टाकले असता पूर्ण मिसळून जावे, अशी परीक्षाही दिली आहे. याच यादीत ‘जीवद्वत्सा’ असा एक शब्द येतो. जिचे मूल जिवंत आहे अशी. वैद्याच्या दृष्टीने अट रास्त आहे, कारण मूल जगले हाच दूध चांगले असल्याचा पुरावा. पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी हा शब्द वाचला, तेव्हा माझे डोळे तिथेच थांबले.

बायबलमध्ये मात्र याच्या उलट एक प्रसंग आहे. मोशेला नदीकाठच्या लव्हाळ्यांत सोडले गेले, फारोच्या मुलीने त्याला उचलले, आणि दाई म्हणून त्याच्या सख्ख्या आईलाच वेतन देऊन नेमले. मालकाचे मूल आणि दाईचे मूल एकच, असा योग मला तरी दुसरा कुठे आढळला नाही.

आता गरोदर न राहण्याची अट का, ते पाहू. जुन्या काळी जवळजवळ सर्व देशांत अशी समजूत होती की, दूध म्हणजे रूपांतर पावलेले विटाळाचे रक्त. ग्रीक वैद्य असेच मानीत. लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या एका चित्रात गर्भाशयापासून स्तनापर्यंत जाणारी नळीच दाखवली आहे, जी कोणत्याही शरीरात नाही. आपला आयुर्वेदही रज आणि स्तन्य हे दोन्ही रसधातूचेच उपधातू मानतो. समजूत शरीररचनेच्या दृष्टीने चुकीची. पण तिच्यामागचे निरीक्षण बरोबर होते. मूल अंगावर पीत असते तोवर बाईला पुष्कळ दिवस पाळी येत नाही, हे खेड्यातील प्रत्येक सुइणीला ठाऊक असते.

याचे कारण आता समजले आहे. मूल ओढते, त्या ओढण्याचा संदेश आईच्या मेंदूला पोचतो. त्याने प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढून दूध तयार होते, आणि त्याच वेळी बीजकोशातून बीज सुटण्याचे काम थांबून राहते. यात महत्त्व आहे ते वारंवार पाजण्याला. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात कुंग नावाचे शिकारी लोक आहेत. त्यांच्या बायका मूल सतत अंगाशी बाळगतात आणि तासातून चार-चार वेळा, एका खेपेस जेमतेम दोन मिनिटे, असे पाजतात. रात्रीही तसेच. १९८० मध्ये दोन संशोधकांनी याचा तपशील प्रसिद्ध केला. या बायका कोणतेही औषध घेत नसत, तरी त्यांच्या दोन बाळंतपणांत सरासरी साडेतीन वर्षांहून अधिक अंतर पडे. १९८८ मध्ये इटलीतील बेलाज्यो येथे जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले की, बाळंतपणानंतर पहिले सहा महिने, मूल संपूर्णपणे आईच्या दुधावर असेल आणि पाळी परत आली नसेल, तर गर्भ राहण्याचा संभव शंभरात दोहोंहून कमी असतो. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत, हे माझ्या भगिनींनी विसरू नये. एक अट सुटली की भरवसा सुटला.

मग जी आई आपले मूल दाईला देते, तिचे काय होते? दूध आटते, पाळी लवकर येते, आणि वर्ष उलटायच्या आत पुन्हा दिवस राहतात. इंदूर-खांडव्याकडील श्रोत्यांना बुऱ्हाणपूर परके नाही. तेथेच १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. लग्न १६१२ चे. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे, आणि त्यांपैकी सातच मुले मोठी झाली. मोगल जनानखान्यात मुले पाजण्याचे काम ‘अनगा’ म्हणजे दूधआयांकडे असे. एवढ्या एकाच कारणावर सारा भार टाकणे योग्य होणार नाही. पण निसर्गाने दोन मुलांमध्ये घातलेली भिंत त्या वैभवात पडली होती, एवढे खास. ताजमहालाचे कौतुक सारे करतात. हा हिशेब कोणी मांडत नाही.

अनगांचा मान मात्र मोठा असे. अकबराच्या दूधआया अनेक. त्यांतील जीजी अनगा हिचा पती अतगाखान याला माहम अनगेचा मुलगा अदहमखान याने १५६२ मध्ये आग्र्याच्या वाड्यात भोसकून मारले. अकबराने अदहमखानाला गच्चीवरून खाली फेकवले, आणि जीव उरला म्हणून दुसऱ्यांदा फेकवले. पण जीजीचा मुलगा अजीज कोका पुढे कितीही उद्धटपणे वागला तरी बादशहा त्याला क्षमा करी. एका अंगावर प्यालेले दूध दोघांच्या मध्ये होते. गुजरातची सुभेदारी या अजीजकडे एकाहून अधिक वेळा होती. इस्लामी धर्मशास्त्रात तर दूधभाऊ-दूधबहिणींचा विवाह सख्ख्या भावंडांप्रमाणेच निषिद्ध आहे. हैदराबादच्या श्रोत्यांना हे मी सांगायला नको.

मेवाडची पन्ना दाई आपण शाळेत शिकतो. १५३६ च्या सुमारास बनवीर तलवार घेऊन आला तेव्हा तिने राजपुत्र उदयसिंहाच्या जागी स्वतःचा मुलगा निजवला. या त्यागाची गाणी होतात. पण जगातील बहुतेक दायांच्या मुलांवर तलवार आली नाही. त्यांच्या वाट्याचे दूध मुकाट्याने दुसऱ्या घरी गेले, एवढेच.

याचा सर्वांत मोठा पसारा फ्रान्समध्ये झाला. पॅरिसच्या पोलीस प्रमुखाने १७८० मध्ये नोंदवले आहे की, शहरात वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे एकवीस हजार मुलांपैकी स्वतःच्या आईच्या अंगावर वाढणारी मुले हजाराच्या आसपास. बाकीची दायांकडे, आणि त्यांतील बहुतेक दूरच्या खेड्यांत. हे केवळ सरदार-दरकदारांचे चोचले नव्हते. दुकानदार, विणकर, कारागीर यांच्या बायकांना कामावरून उठता येत नव्हते, म्हणून तान्ही मुले गाड्यांत भरून खेड्यांकडे रवाना होत. त्यांतील कितीतरी परत आलीच नाहीत. १७६९ मध्ये सरकारने दाया पुरवण्याची एक मध्यवर्ती कचेरीच काढली. रूसो याने १७६२ मध्ये ‘एमिल’ ग्रंथात आयांना बजावले की आपले मूल आपण पाजा. स्वतःची पाच मुले मात्र त्याने अनाथालयात सोडली होती. त्याच्याआधी स्वीडनच्या लिनियसने १७५२ मध्ये दायांविरुद्ध प्रबंध लिहिला, आणि १७५८ मध्ये माणूस, गाय, देवमासा या साऱ्यांचा जो वर्ग बांधला त्याला नाव दिले स्तनांवरून. आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘सस्तन प्राणी’ तो हाच. आमच्या ख्रिस्ती परंपरेतही हा उपदेश जुना आहे. पोप ग्रेगरी यांचे म्हणून मानले जाणारे सहाव्या-सातव्या शतकाच्या संधीवरचे एक पत्र बीड नावाच्या इंग्रज साधूने आपल्या इतिहासात दिले आहे. मुले दुसऱ्या बायकांकडे पाजायला देण्याची वाईट चाल पडली आहे, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच पत्रात, विटाळशीला देवळात येण्यापासून अडवू नये, असेही आहे. त्यातला पहिला उपदेश लोकांनी पुष्कळ वेळा सांगितला. दुसरा फारसा सांगितल्याचे माझ्या कानी नाही.

पण हे सारे उपदेशक बोलत होते श्रीमंत आईला. दाईच्या मुलाचा विचार प्रथम कायद्यात आणला तो तेओफिल रूसेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने. त्याच्या खटपटीने २३ डिसेंबर १८७४ रोजी कायदा झाला की, बाईला दाई म्हणून जायचे असेल तर तिचे स्वतःचे मूल जिवंत असून सात महिन्यांचे झालेले असले पाहिजे, नाहीतर त्याला दुसरी कोणी बाई पाजत असल्याचा दाखला तरी हवा. चरकाची ‘जीवद्वत्सा’ येथे पुन्हा भेटते. फरक इतकाच की आता ती अट दुधाच्या परीक्षेसाठी नव्हती, मुलासाठी होती. कायदा कितपत पाळला गेला ही गोष्ट निराळी. बर्गंडीतील मॉर्वां या डोंगराळ भागातील बायका पॅरिसच्या धनिकांकडे राहायला जात, आणि त्या पगारातून गावी चांगली घरे उठत. त्यांना लोक ‘दुधाची घरे’ म्हणत. त्या घरांतून कोण्या तान्ह्या मुलाला आजीच्या हातून गाईचे दूध पाजले जात असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दूध तापवून निर्जंतुक करण्याची विद्या आली, बाटली आली, डब्याचे पीठ आले, आणि दाईचा पेशा मावळला. त्या डब्यांनी गरीब देशांत काय केले हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेला त्यांच्या जाहिरातबाजीविरुद्ध नियम करावे लागले आणि आपल्याकडे १९९२ मध्ये कायदा झाला, इतकेच येथे सांगते.

जाता जाता आपल्या एका चालीविषयी बोलते. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजाऱ्यांना वाटून मिटक्या मारीत खातो. आणि बाईच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर दुधाला, ते खराब म्हणून, कित्येक घरांत पिळून टाकून देतात व बाळाच्या तोंडात मध किंवा गुळाचे पाणी घालतात. वासराच्या हक्काचे आपण खातो आणि मुलाच्या हक्काचे सांडतो. युरोपातही हाच अडाणीपणा होता. विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने १७४८ मध्ये त्याविरुद्ध लिहिले. आमच्याकडे अजून लिहावे लागते.

आता दाई नाही, पण दूधआई आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. आपल्या बाळाला पाजून ज्यांचे दूध उरते त्या आया ते देतात. साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून ते निर्धोक केले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या, चिमुकल्या वजनाच्या मुलांना पाजले जाते. देणारी आणि घेणारी एकमेकींना ओळखत नाहीत.

मला मात्र माझी दूधआई माहीत आहे. मी सात महिन्यांची असताना आईला विषमज्वर झाला, आणि महिनाभर शेजारच्या मावशींनी मला पाजले. त्यांची मुलगी माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. माझ्या लग्नात आईने मावशींना आपल्या सख्ख्या बहिणीच्या बरोबरीचे लुगडे नेसवले, ते मला आठवते. धाराऊचा प्रश्न मनात घोळत होता तेव्हा एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि विचारले, ‘‘मावशी, मला पाजलंत तेव्हा सुमनला कमी पडलं का हो?’’ त्या तांदूळ निवडीत होत्या. थोडा वेळ त्यांनी सूप थांबवले. म्हणाल्या, ‘‘आता कुठलं आठवतंय गं? चाळीस वर्षं होऊन गेली. तुला दात आले होते आणि तू चावायचीस, एवढं मात्र पक्कं आठवतंय.’’