नफा नसला तरी जबाबदारी आहेच



१९९८ च्या अखेरीची गोष्ट. स्वीडनमधल्या एका चर्चमध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंनी घरच्या संगणकावर संकेतस्थळाची काही पानं तयार केली. दृढीकरण विधीची तयारी करणाऱ्यांना माहिती मिळावी, एवढाच हेतू. ओघात त्यांनी आपल्या १८ सहकाऱ्यांचीही ओळख करून दिली. कोण काय काम करतं, छंद कोणते, घरी कोण आहे, काहींचे फोन नंबरसुद्धा. एका सहकारी बाईंच्या पायाला दुखापत झाली आहे आणि आजारपणाच्या रजेमुळे त्या निम्माच वेळ कामावर असतात, हेही लिहिलं. विचारलं मात्र कुणालाच नव्हतं. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही असं कळताच त्यांनी ती पानं काढून टाकली. तरीही खटला भरला गेला, ४००० क्रोनर दंड झाला आणि अपिलात प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं.

६ नोव्हेंबर २००३ रोजी निकाल लागला. काम धर्मादाय होतं, त्यात कमाई नव्हती, हा बचाव टिकला नाही. घरगुती कामाला माहिती संरक्षणाच्या युरोपीय कायद्यात सूट आहे. पण अगणित लोकांना पाहता येईल अशा जागी माहिती ठेवली, की ते काम घरगुती राहत नाही. दुखावलेला पाय ही आरोग्याची माहिती, आणि तिला तर जास्त संरक्षण.

मला हा निकाल पटतो. आपलं दुखणं चारचौघांत सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असल्यानं तो हक्क कमी होत नाही.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्यातही व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती कामाला सूट आहे. पण नफा न कमावणाऱ्या संस्थेला, केवळ नफा नाही म्हणून, सरसकट मोकळीक नाही.

आता आपली वधूवर सूचक मंडळं आठवा. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचा मोबाइल, पगार, फोटो. आणि लग्न होऊन वर्षं लोटली तरी सगळं तिथंच. गुणगौरव समारंभाच्या यादीत दहावीच्या मुलांचे पत्ते असतात. या कायद्यानं १८ वर्षांखालच्यांना बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे.

हे सांभाळायला वकील लागत नाही. फॉर्मवर लिहा, माहिती कशासाठी घेतो आणि कुठे दिसेल. नको असलेला रकाना ठेवूच नका. कुणी काढा म्हटलं, तर कारण न विचारता काढा. श्रोत्यांपैकी जे कुणी मंडळाचे पदाधिकारी असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: येत्या बैठकीत जुन्या याद्या उघडा, आणि ज्यांचं काम संपलं आहे त्या पुसून टाका.