नमुन्यावरचा आकडा
१८६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एबनेझर बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकावयास काढले. त्यापूर्वीचे छापील नमुने बहुधा एकाच मापाचे असत. सोय झाली, पण निवडीची अडचणही आली. अमेरिकन नमुन्यातला १४ क्रमांक ३६ इंच छातीचा; तयार झग्यावरचा १४ त्याहून पुष्कळ ऐसपैस. मोठा आकडा घेणे अनेकींना रुचत नाही, आणि त्या मानापायी चांगले कापड फुकट जाते!

केवळ छातीच्या घेरावर विसंबणेही धोक्याचे. भरदार छाती व अरुंद खांदे असतील, तर गळा उघडा पडतो, मुंढ्याशी चुण्या येतात. म्हणून काखेतून, छातीच्या वरच्या भागावरूनही फीत फिरवावी. दोन मापांत दोन इंचांहून अधिक अंतर असल्यास वरचे माप हीच छाती समजून नमुना निवडावा आणि पुढे छातीपाशी कापड वाढवावे. कंबर सैल करणे सोपे. बिघडलेला खांदा सुधारणे कसलेल्या शिंप्यालाही जिकिरीचे. अंगासरशी सैलपणा नमुन्यात आधीच धरलेला असतो, तो पुन्हा मिळवू नये. शंका उरलीच, तर जुन्या धोतराच्या तुकड्यावर बेतून, कच्चे टाके घालून अंगावर पाहावे. त्यात एक दुपार जाते, एवढेच.