वर्गांतील शिस्त : नवशिक्षकांशीं हितगुज
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या शाळेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं शाळेंत नव्यानें रुजू झालेल्या आपणां सर्वांशीं आम्हीं दोन शब्द बोलावे, अशी मुख्याध्यापकांची इच्छा. आपल्या मनांतील पहिला प्रश्न आम्हांस ठाऊक आहे : वर्ग गप्प कसा बसवावा?

हाच प्रश्न घेऊन आम्हीही एकदां वर्गांत शिरलों होतों. सेमिनरींतून वर्षभर शिकविण्यास आम्हांस दुसऱ्या गांवीं धाडिलें होतें. तेथें पहिल्या तासाला एक मुलगा रोज पेंगे. आम्हीं त्याला बाकावर उभें केलें, चारचौघांत हिणविलें. वर्ग चिडीचूप झाला आणि आम्हांस आपल्या शिस्तीचा मोठा अभिमान वाटला. आठवड्यानें तो यावयाचा थांबला. मागाहून कळलें कीं, तो पहाटे तीनला उठून आईबरोबर भाजीच्या टोपल्या स्टेशनावर पोंचवीत असे. आम्हीं विचारलें असतें, तर त्यानें सांगितलें असतें. तो पुन्हां शाळेंत आला नाहीं.

छडी आम्हीं कधीं उचलली नाहीं, असें आम्ही पुष्कळ वर्षें सांगत असूं. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें १७ वें कलम शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळही मना करितें. तो कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू कीं नाहीं, हा वाद वकिलांनीं घालावा. तो दुसरा शब्द आम्हांस बरोबर लागू पडतो.

संत जॉन बॉस्को यांचा प्रतिबंधक पद्धतीवरील १८७७ सालचा लेख तेव्हां आमच्या वाचनांत आलेला होता. चूक झाल्यावर दंड करण्यापेक्षां, चुकीस वावच राहूं नये अशा ममतेनें शिक्षकानें मुलांत वावरावें, हा त्याचा आशय. हें कोणास धर्मगुरूंचें भाबडेपण वाटेल. पण जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७० चा ग्रंथ पाहावा. रागावण्याची कोणती तऱ्हा गुणकारी, हें शोधावयास ते निघाले आणि त्यांत फारसें कांहीं हातीं लागलें नाहीं! ज्यांचे वर्ग सुरळीत चालत, त्या शिक्षकांचें निराळेपण रागावण्याच्या आधींच्या गोष्टींत होतें. धड्याचा ओघ ते तुटूं देत नसत. एकाची वही तपासतांना मागच्या बाकाकडेही त्यांचें लक्ष असे, आणि तें मुलांना ठाऊक असे.

शांतताही एकाच जातीची नसते. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असें मेरी बड रो या विदुषींना आढळलें. तीन सेकंद थांबल्यास उत्तरें भरदार होतात, एरवीं मुकीं बसणारीं मुलेंही बोलूं लागतात. ती शांतता शिक्षकाची. तीच आपणांस अधिक जड जाईल.

तेव्हां पहिल्या पंधरवड्यांत घंटेपूर्वीं वर्गाच्या दारांत उभे राहा. फळ्यावर कांहीं काम आधींच लिहिलेलें असूं द्या. वह्या कोणीं वाटावयाच्या, पाण्याला केव्हां जावयाचें, हें ठरवून मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्या. नांवें पाठ करा. आणि कोणी पेंगत असेल, तर तास संपल्यावर त्याला एकट्याला बाजूस घेऊन विचारा : "बाळ, आज किती वाजतां उठलास?"