धूर दाराबाहेर
(अंबरनाथ येथील मोहल्ला बैठकीतील भाषण)



सिगारेट-बिडी सोडा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते न ओढणाऱ्यांविषयी.

१९८१ साली जपानच्या डॉ. ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा १४ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती जास्त सिगारेट ओढत, त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणात झाला होता.

आता उल्हासनगरच्या कॅम्पातली एका खोलीची घरे आठवा, बदलापूरच्या चाळी आठवा. पंखा लावला, खिडकी उघडली की झाले, असे ओढणाऱ्याला वाटते. पंखा धूर घरभर फिरवतो. मोरीचे दार लावून ओढले तरी धूर फटीतून येतोच. गॅलरीत गेलात तर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. म्हणून घरात कोणीच ओढायचे नाही, पाहुण्यानेही नाही. खाली उतरून, माणसांपासून दूर जायचे.

पण सून सासऱ्याला हे कसे सांगेल? तान्हे बाळ तर बोलतही नाही. म्हणून हा नियम घरातल्या वडीलधाऱ्यांनीच घालावा, आणि त्यांनीच आधी पाळावा. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्याला पाठ आहे, कारण शेजारच्या नमाज्याला त्रास होतो. मग गेटपाशी बिडी विझवून सफमध्ये उभे राहणाऱ्याचे काय?

बाहेर तर कायदाच आहे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी घातली. २००३ मध्ये कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत हॉटेले, कार्यालये, कारखानेही आले. दंड २०० रुपयांपर्यंत. चहाच्या छोट्या हॉटेलात वेगळ्या धूम्रपान कक्षाचीही मुभा नाही. मालकाने तिथे ॲशट्रे, लायटर, काडेपेटी पुरवायची नाही. (विमकोच्या काडेपेटीने ओळखल्या गेलेल्या गावात हे सांगतो आहे!) शिलाईच्या कारखान्यालाही हेच लागू आहे. आपल्यातले जे हॉटेल किंवा कारखाना चालवतात, त्यांनी फलक उद्याच लावावा. कारागीर शेठला सांगायला धजत नाही.

लोकलच्या दारात कोणी पेटवली तर भांडू नका. 'भाऊ, आत लहान मूल आहे,' एवढे म्हणा. बहुतेक जण विझवतात. नाहीच ऐकले तर रेल्वेचा १३९ क्रमांक आहे.